एका पोरीची हजेरी

बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आम्ही खाट ताणली. पट्ट्या सैल होऊन मधोमध झोळी झाली होती, आणि हे काम एकट्याच्यानं होत नाही. एकानं पट्टी ओढून धरायची, दुसऱ्यानं गाठ आवळायची. मी ओढत होतो, ती खाटेच्या लाकडावर पाय रोवून गाठ मारत होती, आणि नात उंबऱ्यात बसून विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती.

मधेच बुढी म्हणाली, "थांब वं. घडीघडी दाब दाब म्हणून राहिली, ते काय हाय?"

"तू पाय देऊन राहिली ना आजी, तो दाब."

"अन् तुहा आबा ओढून राहिला ते?"

"ते बल."

"हॅ! याच्यात कायचं बल आलं आता!"

मला हसू आलं, हातातली पट्टी सुटली, गाठ गेली. बुढीनं शिव्या घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. अंधार पडेपर्यंत खाट तयार झाली. तिनं वरून हात मारून पाहिला, म्हणाली, "आता झोपा राजासारखे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. अकोल्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती माझ्याशी बोलत होती. मग बोलली नाही. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहून काय होते?

लिहायचं आहे ते पोरीच्या शिक्षणाबद्दल. आमची नात पाच वर्षांपासून शाळेत जात नाही, घरी शिकते. बुढी शिकवत होती. पोरीची आठवीची परीक्षा तोंडावर आली आणि शिकवणारीच गेली. मागे राहिलो मी, तो चौथी शिकलेला. आता हे घरचं शिकणं चालू राहते की इथंच मोडते, हा एकच प्रश्न घरात होता. दुःख करायलाही नीट सवड मिळाली नाही.

लोक मला नेहमी विचारतात, पोरीला शाळेतून काढली कावून? तर पहिले तेच सांगतो.

माझा पोरगा आणि सून अमरावतीपलीकडे नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामाला आहेत. दोघांच्या पाळ्या वेगळ्या. लेकरू कोणाजवळ ठेवावं? म्हणून ती लहानपणापासून आमच्याकडे, अकोटला. घरी पोपट. सकाळी डोळा उघडला की तोंड सुरू. पण शाळेत गेली की दगड. एक शब्द नाही. मास्तरनं नाव विचारलं तरी खाली पाहणार. पहिलीत वाटलं लाजते, दुसरीत वाटलं होईल बरी. तिसरीत तिला वर्गात उभं ठेवू लागले, बोलल्याशिवाय बसायचं नाही म्हणून. मास्तर काही वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं पोरगी हट्टी आहे. एक दिवस ती घरी आली ती ओल्या कपड्यांनी. बाहेर जाऊ का, एवढं विचारणंही तिच्यानं झालं नव्हतं.

बुढीनं तिला आंघोळ घातली, जेवू घातलं, आणि मला म्हणाली, "उद्यापासून नाही पाठवत."

"मग?"

"मी सातवी शिकली हावो. तिसरीचं मले येते. चौथीचं चौथीत पाहू."

आता आमची वस्ती कशी, ते सांगितल्याशिवाय याचं वजन कळणार नाही. आमच्या वस्तीत घरोघरी निळ्या कोटातला एकच फोटो आहे. माझ्या बापानं कधी शाळेची पायरी पाहिली नाही, पण त्या फोटोखाली उभं करून मला सांगितलं होतं की उपाशी राह्य पण शाळा सोडू नको. मी सोडली ती जिनिंगमध्ये कापूस ओढायला लागलो म्हणून. पोराला मात्र आयटीआय करवला. अशा वस्तीत कोणी पोरीला शाळेतून काढते म्हटल्यावर काय होईल! विहारात संध्याकाळची वंदना झाली की लोक मला घेरायचे.

"का गा, त्या फोटोखाली राहून तू पोरीले शाळेतून काढून राहिला?"

"शाळेतून काढली, शिक्षणातून नाही," मी म्हणे.

"लय शहाणा झाला! शिकवते कोण? तू?"

"बुढी."

"मग तर कलेक्टरच होते आता पोरगी!"

मी घरी येऊन हे सांगितलं की बुढी म्हणे, "त्याइले म्हणा, कलेक्टर झाली तर पोरगी तुमच्या घरचा चहा पिऊन जाईन." पण तिच्या मनाला लागलं होतं. तिलाही तो फोटो होताच ना.

आणि म्हणूनच आम्ही पहिली मोठी चूक केली. ज्यांना शाळा सहज मिळाली त्यांच्याकडून ही चूक होणार नाही. आम्हाला शाळा म्हणजे काय वाटत होती? घंटा, हजेरी, गणवेश. आम्ही म्हटलं, लोकांना दाखवून देऊ, आमच्या घरी पक्की शाळा आहे. मी पितळेची थाळी दाराच्या चौकटीला टांगली आणि लाटण्यानं घंटा देऊ लागलो. बुढी पोरीला रोज निळा फ्रॉक आणि पांढरा शर्ट घालून, रिबिनी बांधून पोत्यावर बसवायची. मी दारात उभा राहून हजेरी घ्यायचो. एका पोरीची हजेरी! मोठ्यानं नाव घ्यायचो, म्हणजे शेजारच्यांना ऐकू जावं. मधली सुट्टी द्यायचो. पोरगी अंगणात एकटी उभी राहायची, बादलीकडे पाहत. शेजारीण भिंतीवरून विचारे, "आबा, तुमची शाळा सुटली काय?" मी तोऱ्यात म्हणे, "मधली सुट्टी हाय."

आणि झालं काय? पोरगी घरातही मुकी झाली. सकाळी घंटेपर्यंत पोपट, घंटा झाली की दगड. हजेरीला 'हजर' म्हणत नव्हती. स्वतःच्या आजीजवळ पाणी प्यायला जायचं तर बोट वर करून बसून राहायची. आम्हाला समजेना. मी चिडलो, म्हटलं इथं कोण मास्तर आहे तुला खायला? ती आणखी मुकी.

तुरीचे दिवस होते. एका दुपारी घंटा झाल्यावर शेतातून कोणीतरी शेंगांचं गाठोडं आणून टाकलं. बुढीला सोले, म्हणजे ओले दाणे, काढायचे होते, शेंगा वाया जातील म्हणून. तिनं पोरीला म्हटलं, "आज शाळा राहू दे. तो फ्रॉक काढ, घाण होईल. ये सोले काढू." पोरीनं जुनं परकर-झंपर घातलं, शेंगा सोलायला बसली, आणि चार शेंगा झाल्या नाहीत तर म्हणाली, "आजी, या शेंगेत पाच, याच्यात चारच. कावून?"

बुढीनं माझ्याकडे पाहिलं. मी थाळीकडे पाहिलं.

त्या दुपारी त्या दोघींनी शेंगा मोजल्या, दाणे मोजले, दहा-दहाचे ढीग केले, गुणाकार झाला, भागाकार झाला, कीड लागलेले वजा केले. रात्रीच्या भाजीला दाणे कमी पडले, कारण अर्धे हिशोबात खाऊन टाकले होते. संध्याकाळी बुढीनं थाळी उतरवली, घासली आणि तिच्यात मला जेवायला वाढलं. गणवेशाच्या फ्रॉकची पुढे डब्याची पिशवी झाली.

म्हणून घरी शिकवायचं म्हणणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो. घराची शाळा करू नका. लेकरू शाळेतून कंटाळून, भिऊन घरी आलं, आणि तुम्ही घरात तीच शाळा मांडली, तर मग त्यानं जावं कुठं? पहिले काही महिने काहीच शिकवलं नाही तरी चालते. हात कामात असला की तोंड उघडते. तोंड उघडलं की शिकणं सुरू होते.

दुसरा प्रश्न असतो, दिवसाचे किती तास बसवता? शाळेचा तास म्हटलं तर पोरं आत यायला, बसायला, गप्प व्हायला अर्धा जाते. घरी एकच लेकरू. सकाळची थंड वेळ धरून तास-दोन तास नीट बसलं की झालं. आमची बुढी भाकरी टाकता टाकता वाचून घ्यायची. पोरगी अडखळली की, बुढीला स्वतःला ते येत असो की नसो, ती म्हणायची, "पुन्हा वाच, भाकरी पलटायच्या नादात आईकलं नाही." पोरगी पुन्हा वाचायची आणि स्वतःच दुरुस्त करायची. ही तिची चलाखी होती. "चुकलं" हा शब्द तिनं वापरलेला मला आठवत नाही. माझ्यासाठी मात्र तो राखून ठेवला होता.

लोक विचारतात, परीक्षेचं काय करता? कागदाचं कसं? तर कागदाला भिऊ नका, पण आळसही करू नका. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, फोटो, सगळं एका पिशवीत ठेवा. मुक्त शाळा म्हणून असते, तिथं नाव घालता येते. मग लेकरू घरी शिकते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन देते. हे मला त्याच जुन्या मास्तरनं सांगितलं. रस्त्यात भेटला, सायकल थांबवून म्हणाला, "आबा, नाव घाला तिथं, म्हणजे पोरगी कागदावर शाळेबाहेर राहत नाही." नियम बदलतात, म्हणून दरवर्षी जाऊन विचारायचं. पाचवीची परीक्षा तिनं अशीच दिली. एसटीनं अकोल्याला गेलो तिघं. पोरगी आत गेली आणि बुढी बाहेर निंबाखाली बसून तिच्या वाटचे पेपर तोंडानं सोडवत होती. मला विचारे, "भारताच्या दक्षिणेले काय हाय?" मी म्हणे, "मले काय माहीत, मी गेलो काय तिकडे?" पोरगी पास झाली. वस्तीत पेढे वाटले. ज्यानं कलेक्टर म्हटलं होतं, त्यानं दोन घेतले.

आणि तुम्हालाच येत नसलं तर? हा प्रश्न खरा. सहावीच्या गणितात बुढी अडकली. रात्रभर कूस बदलत होती. सकाळी उठून पलीकडच्या गल्लीतल्या आपाकडे गेली. आपा म्हणजे उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. बुढी दारातच म्हणाली, "आपा, तुमी मले शिकवा, मी तिले शिकवतो."

आपा म्हणाल्या, "अरे, तो उसी को ले आओ ना. बीच में दलाल क्यूं?"

"ते तुमच्यासमोर बोलणार नाही."

"न बोले. गणित में बोलना किसको है? हाथ तो चलता है ना?"

पोरगी कितीतरी दिवस आपांसमोर बोलली नाही. पाटीवर लिहायची, आपा पाटीवरच उत्तर द्यायच्या. बुढी बाजूला बसून तीच गणितं करायची आणि पोरीपेक्षा जास्त चुकायची. आपा तिला रागवायच्या, "अम्मा, आपका ध्यान भाजी में है." एक दिवस अशाच रागवत असताना पोरगी खुदकन हसली आणि म्हणाली, "आपा, आजीचं तिसरं बरोबर हाय, तुमीच पाहा." आपांनी पाहिलं. बरोबर होतं. बुढीनं दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे अंबाडीची भाजी नेली ती गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून.

लेकराला मैत्रिणी कुठून मिळतील, हेही विचारतात. मिळतात. एकदम वर्गभर मिळत नाहीत, एकेक मिळते. शेजारची एक मिळाली, आपांची नात एक मिळाली. कौंडण्यपूरच्या जत्रेत गेलो तर पाळण्यात बाजूला बसलेल्या पोरीशी बोलून आली, तिचं गाव कोणतं, घरी बकऱ्या किती, सगळं विचारून. बुढीनं तो दिवस सणासारखा सांगितला सगळ्यांना. पण वर्गभर लोकांत मात्र अजून तिचं तोंड मिटतेच. ते लपवत नाही. घरी शिकवून सगळं दुरुस्त होते असं मी कोणाला सांगणार नाही.

आणि हीच पोरगी, बुढी गेल्यावर, जलदान विधीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांत बसली होती. भंतेजी परित्राण पाठ म्हणून गेले, जेवणं झाली, आणि पोरगा म्हणाला, "बाबा, मी अमरावतीच्या शाळेत बोलून ठेवलं. हिले घेऊन जातो."

मी म्हटलं, "परीक्षा तोंडावर आली."

"तिथंच आठवीत बसवतात."

माझे व्याही म्हणजे सुनेचे वडील भिंतीला टेकून बसले होते. तेही म्हणाले, "बरोबर हाय. इहिणबाई होत्या तोवर ठीक होतं. आता तुमी काय शिकवसान?"

"मले चौथीपर्यंत येते."

"मग झालं ना बोलणं!"

पोरगा पोरीला म्हणाला, "तुले काय वाटते, सांग." सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती सतरंजीचे दोरे उपसत राहिली. व्याही म्हणाले, "पाहा. तोंड उघडत नाही. अशी पोरगी घरात ठेवून काय करता?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "उठा सगळे. चहा अंगणात प्या." दुखवट्याच्या घरी असं बोलत नाहीत, मला समजते. पण उठले लोक. सून तेवढी शहाणी. तिनं दार लोटलं, लसणाची टोपली ओढली, अर्ध्या गड्ड्या पोरीसमोर टाकल्या आणि स्वतः सोलायला बसली. मी आणि पोरगा आतच थांबलो. दोन-तीन गड्ड्या झाल्या.

पोरगी खाली पाहतच म्हणाली, "मी जाईन शाळेत. पण नववीले."

"आता कावून नाही?" पोरानं विचारलं.

"आता गेली तर कितीतरी दिवस मी बोलणार नाही, मले माहीत हाय. मग आठवी जाईन माही. परीक्षा देतो, मग येतो."

आमच्याकडे पोरीही देतो-येतोच म्हणतात. ती तिच्या आजीसारखीच बोलली, आवाजही तोच. सुनेनं डोळ्याला पदर लावला, लसणाच्या नावावर.

पोरगा म्हणाला, "पण बेटा, शिकवीन कोण? आबाले येते काय हे?"

"आजीले तरी कुठं येत होतं? ती विचारे. मी सांगो. सांगता सांगता मलेच समजे."

मी म्हटलं, "मी काय विचारू?"

"जे येत नाही ते."

दाराबाहेरून व्याह्यांचा आवाज आला, "मग तर बुढ्याले दिवसभर विचारा लागन!"

अंगणात लोक हसले. मीही हसलो. बुढी गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल, आणि मला त्याचा राग आला नाही.

पोरगा मानला, पण अटीवर. सुट्टीच्या दिवशी तो येऊन पाहील, आणि पोरगी मागे पडताना दिसली तर त्याच दिवशी नेईल. मी हो म्हटलं. म्हणजे शिकवायचं मी, आणि नापास होण्याचं भ्यावही मलाच. मला दुसरंही समजलं होतं. ही पास झाली की नववीला जाईल, मग या घरात वाचणारं कोणी राहणार नाही. मी मन लावून शिकवलं तर ती जाते. कसंतरी केलं तर बापच नेते. जायचं तर आहेच. पण बोलता येण्यासारखी होऊन गेली पाहिजे, मुकी होऊन नाही. बुढी असती तरी तिनं हेच केलं असतं, आणि जाताना मला म्हटलं असतं, रडता काय पोरीसारखे.

संध्याकाळच्या एसटीनं पाहुणे गेले, पोरगा-सूनही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. फोटोसमोर मेणबत्ती लावली, दोघांनी वंदना म्हटली. मी चहा केला. पोरगी म्हणाली साखर टाकायची राहिली. साखर टाकली. मग ती भूगोल घेऊन चुलीजवळ आली. मी पाट घेतला आणि बसलो. ती समुद्रातले प्रवाह वाचू लागली. गरम पाण्याचे प्रवाह, थंड पाण्याचे प्रवाह. मी समुद्र पाहिला नाही. थोडा वेळ ऐकून घेतलं, मग म्हटलं, "थांब. पाण्यात पाणी कसं वाहते? काठ कुठं हाय त्याले?"

"काठ नसते आबा. गरम पाणी वरून चालते, थंड खालून."

"वेगळं कसं राहते मग? बादलीत तर मिसळून जाते."

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. "आबा, तुमाले एवढंबी नाही समजत?"

"नाही समजत," मी म्हटलं. "पुन्हा सांग."